दोन लहान मुलं, परदेशातलं रिसॉर्ट आणि माझं फिरलेलं डोकं – मदत करा

झोपउधार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. आम्ही चौघं, मी, नवरा, मोठी साडेचार वर्षांची आणि धाकटा १४ महिन्यांचा, मुलांना घेऊन पहिल्यांदाच परदेशात जायचं म्हणतोय. सात-आठ दिवस. साइटसीइंग वगैरे अजिबात नको, एका जागी रिसॉर्टमध्ये पडून राहायचं, पोरं पाण्यात खेळतील, आम्ही जरा पाय पसरू, एवढीच अपेक्षा आहे. नवऱ्याला मालदीव हवंय, पाण्यावरचा तो व्हिला, जमिनीला काच आणि खाली मासे, फोटो बघून वेडा झालाय. मैत्रीण म्हणते तुर्कस्तान घे, ऑल इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच पैशात) घे आणि डोळे मिट. तीन आठवडे झाले, बावीस टॅब उघडे आहेत आणि सगळ्यांवर 'फॅमिली फ्रेंडली' लिहिलंय, सगळीकडे तीच पिवळी घसरगुंडी आणि तेच खिदळणारं पोरगं. आता मला एकातलं दुसऱ्यापासून ओळखूच येत नाही.

तर मुलं एवढी लहान असताना तुम्ही नेमकं काय बघून ठरवता? किड्स क्लब खरंच लागतो का? डिसेंबरअखेर किंवा मे, दोन्हीला सुट्टी मिळू शकते. फ्लाइट पाच-सहा तासांच्या वर नको असं मला वाटतं पण ते मी मनानेच ठरवलंय.

भटकाबाबा

स्वागत आहे ताई, नाव वाचूनच परिस्थिती कळली.

देश कुठला ते नंतर बघा, आधी खोलीचा नकाशा बघा. चेष्टा नाही करत. आमची पहिली ट्रिप, पोरगा दीड वर्षाचा, रिसॉर्ट झकास, फोटोत होतं तसंच, पण खोली एकच, एक अवाढव्य पलंग आणि त्याच्या पायथ्याशी कॉट. पोरगा साडेसातला झोपणार. मग आम्ही काय करायचं? दिवा लावला की उठतो, कुजबुजलो की उठतो, बाल्कनी नाहीच. सहा संध्याकाळी आम्ही बाथरूममध्ये काढल्या, मी टबाच्या काठावर, बायको कमोडच्या झाकणावर आणि मधे स्टुलावर पत्ते. सातव्या दिवशी कंटाळून आम्हीपण साडेसातला झोपलो, आणि गंमत म्हणजे तीच सगळ्यात चांगली रात्र गेली.

तेव्हापासून आमचा नियम, दार लावता येईल अशी झोपायची खोली वेगळी पाहिजे. 'फॅमिली रूम' या शब्दावर जाऊ नका, कुठे तो म्हणजे दोन खोल्या असतात, कुठे मधे नुसता पडदा आणि कुठे त्याच खोलीत एक सोफा जास्त. आणि 'कनेक्टिंग' आणि 'अॅडजॉइनिंग' हे दोन वेगळे प्रकार आहेत, कनेक्टिंग म्हणजे दोन खोल्यांमधे आतून दार, अॅडजॉइनिंग म्हणजे फक्त शेजारी, जायचं तर बाहेरच्या पॅसेजमधून. बुकिंगमध्ये बऱ्याचदा कनेक्टिंग ही 'रिक्वेस्ट' म्हणून घेतात म्हणजे मिळाली तर मिळाली. कन्फर्म्ड असं लेखी घ्या, नाहीतर रात्री अकराला रिसेप्शनवर एक पोर खांद्यावर आणि एक पायाशी घेऊन भांडत बसाल.

तळमजला की वरचा मजला यावर घराघरात भांडणं होतात. आमचं मत, चालायला शिकलेलं पोर असेल तर खोलीतून थेट पूलमध्ये उतरायची सोय असलेली खोली चुकूनही घेऊ नका, दिसायला कितीही भारी असली तरी. वरच्या मजल्यावर असाल तर पोचल्या पोचल्या बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबल आत ओढा, कठड्यावर चढायला त्यांचाच जिना होतो.

पमीची आई

बाथरूममधले पत्ते 😂😂 आम्ही पॅसेजमध्ये दाराला टेकून बसायचो. +१ वेगळ्या खोलीला.

निळीलाट

झोपउधार, तू दोन महिने दिलेस ते बरं केलंस कारण खरी गोम तिथेच आहे. लोक आधी जागा ठरवतात मग तारीख, आणि मग तिथे जाऊन लाल झेंडा बघत बसतात. लहान मुलांसाठी समुद्र म्हणजे कमरेएवढं शांत पाणी, बाकी रंग कुठला का असेना. आणि एकच किनारा एका महिन्यात तळं असतो आणि दुसऱ्या महिन्यात नुसता खवळलेला.

डिसेंबरअखेर म्हणत असशील तर मालदीव कोरड्या मोसमात आलेलं असतं, श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा चांगला, थायलंडमध्ये फुकेतची बाजू चांगली. पण त्याच थायलंडमधलं सामुई दुसऱ्या बाजूला, आखातात आहे, तिथे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यामुळे डिसेंबरात शेपूट सापडू शकतं. भूमध्य समुद्राकडची समुद्रकाठची हॉटेलं हिवाळ्यात बरीचशी बंदच असतात. तांबड्या समुद्रावर ऊन असतं पण वारा असतो, पाण्यातून बाहेर आलेलं पोर कुडकुडतं, तिथे जायचं तर 'हीटेड पूल' आहे का हा पहिला प्रश्न, आणि तो मुलांचा पूल हीटेड आहे का हा दुसरा, कारण पुष्कळदा फक्त मोठ्यांचाच गरम केलेला असतो. शिवाय तिकडच्या काही रिसॉर्टना वाळूचा उतारच नाही, प्रवाळ थेट काठाशी, लाकडी धक्क्यावरून खोल पाण्यात उतरायचं. डायव्हिंगवाल्यांना स्वर्ग, तुझ्या धाकट्याला शून्य उपयोग.

मे म्हणालीस तर सगळं उलटं. मालदीवला नैऋत्य मोसमी वारे सुरू, फुकेतला मे ते ऑक्टोबर लाटा आणि ओढ. मग श्रीलंकेचा पूर्व किनारा घ्यायचा, पासीकुडाचा उपसागर, खूप आत चालत गेलं तरी पाणी उथळच. किंवा मॉरिशस, तिथे चक्रीवादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मे म्हणजे तो सरलेला आणि पूर्व किनाऱ्याला झोडपणारा हिवाळी वारा अजून जोरात नाही. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे, लाटा बाहेरच फुटतात, आत लगून म्हणजे उथळ, शांत पाणी. दक्षिणेला ग्रि-ग्रिपाशी ते कडं तुटलंय, तिथला समुद्र नुसता बघायचा. तुर्कस्तान मेमध्ये छान, हवा सुखद, पण समुद्र अजून गार असतो, तापायला जुलै उजाडतो आणि सप्टेंबरातसुद्धा ऊबदार राहतो. तिथेपण बघून घे, बेलेक आणि सिदेकडे वाळू आहे, केमेरकडे गोटे. गोट्यांवर १४ महिन्यांचं पोर दोन पावलं टाकतं आणि बसून रडतं.

बालीला जायचा विचार आला तर नुसा दुआकडे प्रवाळामुळे पाणी शांत असतं, कुताकडे सर्फिंगच्या लाटा, दोन्ही एकाच बेटावर आणि गाडीने फार लांबही नाहीत. म्हणून म्हणते, देशाचं नाव सांगून काही कळत नाही.

एक उद्योग कर. सॅटेलाइट नकाशा उघड आणि रिसॉर्ट शोध. पांढरी फेसाची रेघ किनाऱ्याला चिकटलेली आहे की लांब समुद्रात आहे ते बघ. लांब असेल तर बहुतेक आत लगून आहे. रिसॉर्ट आणि किनारा यांच्यामधे हायवे आहे का तेही दिसतं, तो फोटोत कधीच नसतो.

झोपउधार

निळीलाट, बाई गं, एवढं! नकाशावर बसले तर बावीसमधले चार तिथेच गळाले, एकाच्या आणि समुद्राच्या मधे खरंच चार पदरी रस्ता 😳

नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं डिसेंबर घेऊ म्हणजे मालदीव जमेल. कोणी नेलंय का एवढ्या लहान पोरांना पाण्यावरच्या व्हिलात?

तिसरीखुर्ची

आम्ही गेलो होतो, मुलगी तीन वर्षांची. मालदीव वाईट नाही पण तुमच्या मिस्टरांना काही गोष्टी सांगा.

पाण्यावरच्या व्हिलात बऱ्याच रिसॉर्टमध्ये ठराविक वयाखालच्या मुलांना घेतच नाहीत, आणि जिथे घेतात तिथे कधीकधी पालकांकडून सही घेतात. का ते तिथे गेल्यावर कळतं, डेकला कठडा नसतो किंवा नावापुरता असतो आणि पायऱ्या सरळ समुद्रात. मुलं असतील तर बीच व्हिला घ्या, दार उघडलं की वाळू. दुसरं, सीप्लेन, म्हणजे लांबच्या बेटांवर नेणारं, पाण्यावर उतरणारं छोटं विमान. ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपारनंतर उशिरा उतरणार असेल तर ती रात्र मालेजवळ काढावी लागते, म्हणजे दोन चेक-इन, दोन वेळा बॅगा उपसणं. आम्ही हेच केलं, वेळ बघितलीच नव्हती, मुलगी पहिल्या हॉटेललाच 'आपलं घर' समजून बसली आणि दुसऱ्या दिवशी निघताना रडून आकाशपाताळ एक केलं. एअरपोर्टच्या जवळच्या अॅटॉलमधलं (प्रवाळबेटांच्या कड्यातलं), स्पीडबोटीने जाता येईल असं रिसॉर्ट घ्या, ती अंधारातही जाते.

आणि एक, लहान बेटावर दुकान नसतं. डायपर संपले की संपले. रिसॉर्टच्या छोट्या दुकानात एकच साइज असतो आणि तो नेमका तुमचा नसतो.

चष्मेवाली

किड्स क्लबबद्दल कोणी बोललं नाही अजून.

माझं स्पष्ट मत, मोठीसाठी हवा, धाकट्यासाठी तो जवळपास नसल्यातच जमा. बहुतेक किड्स क्लब ३ किंवा ४ वर्षांपासून सुरू होतात आणि पुष्कळ ठिकाणी मूल डायपरमधून बाहेर आलेलं असण्याची अट असते. त्याखालचं मूल आत न्यायचं तर पालकाने सोबत बसायचं, म्हणजे तुम्ही सुट्टीत बालवाडीत बसणार. अगदी तान्ह्यांना सांभाळणाऱ्या जागा मोजक्या. क्लब मेड या रिसॉर्टवाल्या कंपनीच्या काही रिसॉर्टमध्ये ४ महिन्यांपासूनच्या बाळांचा विभाग असतो, मग २-३ वर्षांच्यांचा वेगळा, ४ वर्षांनंतरचा वेगळा. यातला मोठ्यांचा क्लब पॅकेजमध्ये धरलेला असतो पण बाळांच्या विभागाचे सहसा वेगळे पैसे आणि आधी बुकिंग. हे सगळीकडे लागू, 'किड्स क्लब फ्री' वाचलं की कुठल्या वयाला फ्री ते विचारायचं.

ऑल इन्क्लुझिव्हचं म्हणाल तर कल्पना तशी जुनी, क्लब मेडनेच १९५० मध्ये मायोर्कातल्या आल्कुदियाला तंबू ठोकून सुरू केली होती. आता त्या शब्दाखाली काहीही खपतं. कुठे आइस्क्रीम सकाळी दहा ते रात्री दहा, कुठे तीन ठरलेली जेवणं आणि मधे काही हवं तर बिल. हाफ बोर्ड घेतलंत तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळतं पण जेवणाबरोबरची पेयं बऱ्याचदा धरलेली नसतात, पाण्याच्या बाटलीचंसुद्धा बिल येऊ शकतं. तुमच्या वयाच्या पोरांसाठी मला महत्त्वाचं वाटतं ते रात्रीच्या जेवणाची वेळ. बुफे सात वाजता उघडणार असेल आणि तुमचं पोर साडेसहाला भुकेने कोसळत असेल तर ते ऑल इन्क्लुझिव्ह चाटायचंय का? साडेपाच-सहाला मुलांचं जेवण मिळतं का विचारा. आणि पोरं बुफेत एकच पदार्थ खाणार, सात दिवस, साधा भात नाहीतर साधा पास्ता, तेव्हा रेस्टॉरंट किती आहेत यावर पैसे घालवू नका.

उलटीगंगा

सगळे रिसॉर्ट रिसॉर्ट करताय म्हणून मुद्दाम लिहितोय. १४ महिन्यांच्या पोराला रिसॉर्ट कशाला? किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, वॉशिंग मशीन, फ्रिज, दोन खोल्या, दार लावा आणि सुखाने बसा. बुफेच्या रांगेत हाय चेअर शोधत फिरायचं नाही, पोर ओरडलं की शेजारच्या टेबलची माफी मागायची नाही. पाणीच हवं असेल तर युरोपात सेंटर पार्क्ससारख्या जागा आहेत, १९६८ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालं ते प्रकरण, जंगलात छोटे बंगले आणि मधोमध छताखालचा मोठा ऊबदार पूल. पाऊस पडो नाहीतर गारा.

चष्मेवाली

उलटीगंगा, आणि त्या किचनमध्ये उभं कोण राहणार? 🙂 घरी जे करतो तेच दुसऱ्या देशात करायचं असेल तर घर काय वाईट आहे.

उलटीगंगा

मीच उभा राहतो हो. आमच्याकडे सुट्टीतला स्वयंपाक माझ्याकडे असतो. पण मुद्दा मान्य, ज्यांच्याकडे तसं नाही त्यांनी माझं ऐकू नये. तरी अपार्ट-हॉटेल म्हणून मधला प्रकार असतो, खोलीत छोटं किचन आणि खाली रेस्टॉरंट, तो बघा. रात्री दोनला दूध गरम करायला रूम सर्व्हिसची वाट बघणं काय असतं ते ज्याने भोगलंय त्याला विचारा.

पांढरीचप्पल

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, उगाच घाबरवायचं नाहीये पण दोनचार गोष्टी लिहितेच.

पूल. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. आवाजच होत नाही, आणि मिनिटभराच्या आत होऊन जातं. इतकुशा पाण्यातसुद्धा. त्यामुळे 'लाइफगार्ड आहे' यावर मान टाकू नका, बऱ्याच हॉटेल पूलवर नसतोच, 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटी असते. मुलांचा पूल मोठ्या पूलपासून वेगळा आहे का, मधे कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक आहे का ते विचारा. दोन्ही पूल एकमेकांना चिकटलेले आणि मधे नुसता एक दोर अशा ठिकाणी मी तरी जाणार नाही. दंडावरचे फुगे म्हणजे खेळणं, संरक्षण नाही. आणि तुम्ही दोघं असाल तर तोंडाने म्हणा, 'आता तू बघतोयस, मी नाही.' दोघं असले की दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय.

पूलचं पाणी पोरांनी गिळू नये असं बघा. क्लोरीन असलं म्हणजे सगळं मरतं असं नाही, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त तग धरतो. जुलाब होत असतील त्या पोराला पूलमध्ये उतरवू नका, स्वीम डायपरने ते थांबत नाही. ओआरएसची पाकिटं बॅगेत ठेवाच.

ऊन. सकाळी १० ते दुपारी ४ पोरं सावलीत, म्हणून पूलवर कायमची सावली आहे का हे रिसॉर्टला विचारायचं. छत्र्या चालतात पण त्या सकाळीच कोणीतरी टॉवेल टाकून अडवून ठेवलेल्या असतात. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घ्या, अर्धं सनस्क्रीन वाचतं आणि ते लावतानाची कुस्तीही.

डास. उष्ण प्रदेशात डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीवर भागत नाही. डीईईटी (डास पळवणाऱ्या क्रीम-स्प्रेमधलं औषध) दोन महिन्यांखालच्या बाळाला नाही, तुमच्या दोघांना ३० टक्क्यांपर्यंतचं चालतं, पण धाकट्याच्या हाताला लावू नका, हात तोंडात जातात. 'नैसर्गिक' म्हणून विकतात ते लेमन युकॅलिप्टस तेलवालं तीन वर्षांखाली नको. जिथे जाल तिथे मलेरिया आहे का, आधी कुठली लस घ्यावी लागते का हे आपल्या डॉक्टरांना सहा-आठ आठवडे आधी विचारा, आदल्या आठवड्यात नको.

माकडं आणि कुत्री. फोटोसाठी हातावर केळं ठेवून माकड बोलावतात ना, नका करू. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी हॉस्पिटल. म्हणून लहान मुलांचे डॉक्टर असलेलं हॉस्पिटल रिसॉर्टपासून किती वेळावर आहे ते बुकिंगआधी विचारायचं, बोटीने की गाडीने तेही. इन्शुरन्समध्ये मुलांची नावं आहेत का आणि आजारी माणसाला दुसरीकडे हलवायचा खर्च धरलाय का बघा.

झोपउधार

पांढरीचप्पलताई, वाचून आधी पोटात गोळा आला, मग वही काढली. 'आता तू बघतोयस' हे उद्यापासून घरच्या टबालाच सुरू करते.

फ्लाइटचं कोणी सांगेल का?

भटकाबाबा

सांगतो. फ्लाइटचे तास मोजू नका, दारापासून दारापर्यंतचे मोजा. चार तासांचं विमान आणि उतरल्यावर साडेतीन तास घाटातून बस, त्यापेक्षा सात तासांचं थेट विमान आणि वीस मिनिटं टॅक्सी परवडली. शेअर्ड ट्रान्सफर घेतली की बस वाटेत सगळी हॉटेलं करत जाते, तुमचं नेहमी शेवटचं. खासगी गाडी घ्या आणि मुलांच्या सीट लेखी मागा, वयाऐवजी वजन कळवून.

धाकटा जाताना दोन वर्षांच्या आतलाच असणार म्हणजे मांडीवर चालेल, पण ज्यांचं मूल ट्रिपमध्येच दोन वर्षांचं होतं त्यांना परतीला सीट घ्यावी लागते, हे विसरतात लोक. बासिनेट (विमानात बाळाला झोपवायचा छोटा पाळणा) मागा, वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे वेगळी, साधारण १० ते १४ किलोच्या मधे कुठेतरी, आणि तुमचा पठ्ठ्या तेव्हा दीड वर्षाचा असेल तर पाय बाहेर येतील. हातातल्या बॅगेतल्या पातळ पदार्थांचा १०० मिलीचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला नाही, प्रवासापुरतं नेता येतं, फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवायचं. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा काहीतरी चोखायला द्या.

आणि वेळेचा फरक. एका तासाच्या फरकाला साधारण एक दिवस जातो. सात दिवसांच्या सुट्टीला सहा तासांचा फरक म्हणजे पोर रुळावर येईल त्या दिवशी बॅग भरायची. दोन-तीन तासांपर्यंतचं बघा.

पासपोर्ट मुलांचेपण सहा महिने पुढचे लागतात बऱ्याच देशांना, आत्ताच काढून तारीख बघा. एकटा पालक नेणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र.

पमीची आई

रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही सोडून द्या, तीन स्टारवाले वाचा. तेच लिहितात की 'छान होतं पण स्टेज आमच्या खिडकीखाली होतं आणि रात्री अकरापर्यंत मिनी डिस्को'. आणि तुम्ही जाणार त्याच महिन्यातले वाचा.

झोपउधार

अपडेट देते, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून.

यादी सातवर आली, सातही जणांना एकच मेल टाकला, अकरा प्रश्न. आतून दार असलेली खोली कन्फर्म्ड मिळेल का, मुलांचा पूल वेगळा आणि कुंपणाचा आहे का, किती खोल, वर सावली आहे का, मुलांचं जेवण किती वाजता, कॉट कुठल्या प्रकारची, जवळचं हॉस्पिटल किती वेळावर, स्टेज कुठे आहे, वगैरे. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी छापील ब्रोशर पाठवलं, त्यात परत तीच पिवळी घसरगुंडी. एकाने 'आम्ही फॅमिली फ्रेंडली आहोत' असं उत्तर दिलं, अकरा प्रश्नांना मिळून. आणि एका बाईंनी प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, कॉटचा फोटो काढून पाठवला, त्यात बाजूला त्यांच्या सफाईवाल्यांची बादलीसुद्धा आलीय, आणि लिहिलंय की पूलच्या फाटकाची कडी सध्या नीट बसत नाही, दुरुस्तीला दिलीय, तुम्ही यायच्या आत होईल पण तरी लक्ष ठेवा.

मी तिथेच ठरवलं. मॉरिशस, पश्चिम किनारा, मे. विमान माझ्या सहा तासांच्या वर जातंय पण थेट आहे आणि वेळेचा फरक दोन तासांच्याही आत. नवरा दोन दिवस गप्प होता. मग त्यालाच कुठेतरी सापडलं की तिथे लगूनमध्ये काचेच्या तळाची बोट असते, आता तो सगळ्यांना सांगत फिरतोय की खाली काच त्याने मिळवलीच.

निळीलाट

वा! पाण्यातले बूट घे चौघांना, सी अर्चिन, ते काटेरी गोळ्यांसारखे समुद्री जीव, असतात तिथे. आणि बोटीत धाकट्याला मिस्टरांच्या मांडीवर दे, तू काच बघ.

पांढरीचप्पल

निघायच्या आदल्या आठवड्यात त्या बाईंना परत मेल करा. कडीचं विचारायला.